साकीनाक्याच्या गाळ्यात लिनक्स सीएनसी: नऊ महिने वापरल्यावर सॉफ्टवेअरबद्दल थोडं आणि त्याच्या डॉक्युमेंटेशनबद्दल जास्त

लिनक्स सीएनसी म्हणजे साध्या पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. त्यावर गणपतीच्या आधी मशीन चालू केलेलं, आता मे चाललाय, म्हणजे नऊ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या.

आधी आमचं काय आहे ते सांगतो. साकीनाक्याला छोटा गाळा, दोन लेथ, एक रेडियल ड्रिल आणि एक जुनी तैवानी मिलिंग जिचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, गेल्या पावसाळ्यात बसला तो बसलाच. नवीन कंट्रोलचं कोटेशन मागवलं, आकडा बघून बाबा म्हणाले की मशीन भंगारात घाल आणि त्या जागेत पत्र्याचं कपाट ठेव. मग मी रेट्रोफिटच्या, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवायच्या, मागे लागलो. लॅमिंग्टन रोडवरून एक सेकंडहँड ऑफिसचा पीसी आणला, त्यावर डेबियन 12 आणि लिनक्स सीएनसी 2.9, मेसाचं 7आय76ई कार्ड (नेटवर्क केबलने पीसीला जोडलेलं, पीसी आणि मशीन यांच्यातला दुवा), स्टेप-डिरेक्शनवर, म्हणजे पल्सच्या हुकुमावर, चालणारे सर्वो ड्राइव्ह (मोटर चालवणारे डबे), कपलिंग आणि बारीकसारीक सामान नागदेवीतून. सॉफ्टवेअर फुकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेत ईएमसी नावाने सुरू झालं, पुढे जगभरच्या लोकांनी वाढवलं आणि नाव बदललं. म्हणजे कोणा कॉलेजच्या पोराचा प्रोजेक्ट नाही हा.

सॉफ्टवेअरबद्दल पटकन सांगून टाकतो कारण तिथे तक्रार करण्यासारखं फार काही नाहीये. रोज आठ-नऊ तास चालतं. हॅल नावाची जी भानगड आहे, म्हणजे कुठला सिग्नल कुठून कुठे जातो हे आपणच वायरसारखं जोडायचं, ती आधी डोक्यावरून गेली, पण एकदा कळली की दुसरा कुठला कंट्रोल बघावासा वाटत नाही. हॅलस्कोप उघडून ऑसिलोस्कोपसारखा चालू मशीनचा वेग, एरर, स्विचचा सिग्नल सगळं स्क्रीनवर बघता येतं. महागड्या कंट्रोलवर यातलं कितीतरी आपल्यापासून लपवून ठेवलेलं असतं राव.

आता डॉक्युमेंटेशन. लोक म्हणतात ओपन सोर्सवाल्यांचं डॉक्युमेंटेशन भिकार असतं, नसतंच म्हणा ना. इथे उलटं आहे, इथे इतकं आहे की कुठून सुरू करायचं कळत नाही. शेकडो पानं, प्रत्येक पॅरामीटर लिहिलाय, प्रत्येक जी-कोड (प्रोग्राममधून मशीनला द्यायचा हुकूम) लिहिलाय. नऊ महिन्यांत मी जिथे जिथे अडकलो तिथलं उत्तर जवळजवळ दरवेळी लिहिलेलंच होतं, फक्त मी ज्या पानावर होतो त्या पानावर नव्हतं.

उदाहरण देतो, माझ्याच गाढवपणाचं. आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, होमिंगचा वेग टाकायचा असतो; होमिंग म्हणजे टेबलाने स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखणं. आपल्याला सवय मिनिटाची, एफ 300 म्हणजे मिनिटाला 300 मि.मी., ऑपरेटर लोक झोपेत पण त्याच भाषेत बोलतात. आयएनआय फाइलमध्ये मात्र सगळे वेग सेकंदाला. मी हाताने 300 टाकला. होम बटण दाबलं आणि टेबल जितकं जोरात जाऊ शकत होतं तितक्या जोरात गेलं, स्विच लागला हे त्याला कळलं पण थांबायला जागा कुठे होती, त्या प्रॉक्सिमिटी स्विचची ब्रॅकेट अशी वाकली की तिचा एल चा यू झाला. हवे होते 5. सेकंदाला 5 म्हणजेच मिनिटाला 300. डॉक्युमेंटेशनमध्ये युनिट्स पर सेकंद असं स्पष्ट लिहिलेलं आहे, मी नंतर जाऊन बघितलं, आहे. पण मी वाचत होतो तो कुणाचा तरी नमुना कॉन्फिग आणि त्यात नुसते आकडे होते.

त्यानंतर मी अशा गोष्टी लिहून ठेवायला एक दोनशे पानी लाँगबुक आणली. सुरुवातीला माझ्यापुरतीच होती, पण खरं काम तिने केलं ते मामांमुळे.

मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, कणकवलीकडचे, तीस वर्षं मिलिंगवर. इंग्रजी वाचतात पण अक्षर अक्षर लावत. एक दिवस मी बँकेत गेलो होतो, परत आलो तर मामा मशीनखाली आडवे, हातात ॲलन की, एक्सचं कपलिंग खोललेलं. म्हटलं मामा काय झालं? म्हणाले, "अरे तुझ्या स्क्रीनवरच आलंय, जॉइंट झिरो काहीतरी एरर. जॉइंट सैल झालाय म्हणतोय, आवळतोय मी. आणि ते फॉलोइंग म्हणजे काय, कोण कोणाच्या मागे लागलंय?"

मी हसलो आणि मग हसू थांबलं कारण त्यांचं काय चुकलं? गाळ्यात जॉइंट म्हणजे जॉइंटच. लिनक्स सीएनसीच्या भाषेत जॉइंट म्हणजे एक मोटर आणि तिच्यामागे जे हलतं ते, नंबर शून्यापासून सुरू, म्हणून आमच्या मशीनवर जॉइंट झिरो म्हणजे एक्स. 2.8 व्हर्जनपासून त्यांनी ॲक्सिस (एक्स, वाय, झेड या दिशा) आणि जॉइंट हे दोन वेगळे केले, रोबोट आर्मसारख्या मशीनसाठी ते बरोबरच आहे, होमिंगच्या आधी तुम्ही जॉइंट हलवता आणि होमिंग झालं की एक्स वाय झेड. पण साध्या मिलिंगवर उभ्या माणसाला हा फरक कोणी सांगायचा?

आणि फॉलोइंग एरर म्हणजे हुकुमाची जागा आणि प्रत्यक्ष जागा यातलं अंतर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं. इथे अजून एक मेख आहे जी कळायला मला दोन महिने लागले. आमचे ड्राइव्ह स्टेप-डिरेक्शनवाले, मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या एन्कोडरची वायर ड्राइव्हमध्येच संपते, पीसीपर्यंत येतच नाही. म्हणजे कंट्रोल ज्याला प्रत्यक्ष जागा म्हणतो ती कार्डाने किती पल्स मारले त्याची मोजणी, टेबल खरंच तिथे आहे का हे त्याला ठाऊकच नाही. मग अशा सेटअपमध्ये फॉलोइंग एरर आला की मेकॅनिकल काही अडकलंय असं नसतंच बहुतेक, पल्स काढणारा स्टेपजेन हुकुमाच्या मागे पडलाय एवढाच अर्थ. आमच्याकडे कारण निघालं की स्टेपजेनची ॲक्सिलरेशन मर्यादा मशीनच्या ॲक्सिलरेशनइतकीच ठेवली होती, ती थोडी जास्त लागते. आकडा वाढवला, एरर गेला. उलट टेबल खरोखर अडकलं तर ओरडणार ड्राइव्ह, म्हणून ड्राइव्हच्या अलार्मची वायर कार्डाच्या इनपुटवर आणून जॉइंटच्या अँप-फॉल्ट पिनला जोडावीच लागते, नाहीतर ड्राइव्ह ट्रिप होऊन बसलाय आणि प्रोग्राम हवेत पुढे चाललाय असा सीन. हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, तुकड्या तुकड्यात, तीन वेगवेगळ्या ठिकाणी.

त्या दिवशी वहीचा साचा ठरला. डाव्या पानावर स्क्रीनवर जसं येतं तसं, वाचताना जसं ऐकू येतं तसं देवनागरीत. उजव्या पानावर पहिलं काय बघायचं, मग काय, आणि लाल पेनने काय अजिबात करायचं नाही. जॉइंट झिरोच्या पानावर लाल पेनने "कपलिंग खोलू नये" आहे, मामांना ते वाक्य अजिबात आवडत नाही.

दुसरा मोठा घोळ कार्डाचा. दोन-तीन दिवसांतून एकदा, ठरलेलं असं काही नाही, अचानक मशीन थांबायचं आणि मेसेज यायचा एरर फिनिशिंग रीड. केबल बदलली, कार्डाचा सप्लाय बदलला, अर्थिंग तपासली, पावसाळी दमटपणाला पण दोष देऊन झाला, मुंबईत तो हाताशी असतोच. शेवटी उत्तर मिळालं कुठे तर एचएम2 ईथ नावाच्या ड्रायव्हरच्या (कार्डाशी बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग) मॅन पेजवर, म्हणजे लिनक्समध्ये कमांड देऊन उघडायच्या माहितीच्या पानावर. इंटेलची नेटवर्क चिप पॅकेट्स थोडी साठवून मग एकदम प्रोसेसरला हाक मारते, ऑफिसात फाइल पाठवायला ते छान आहे, पण इथे दर एक मिलिसेकंदाला कार्डाचं उत्तर वेळेत आलंच पाहिजे. ते साठवणं बंद करायची एक सेटिंग आहे, इंटरप्ट कोअलेसिंग शून्य करायचं, एका ओळीचं काम. ती ओळ टाकली तेव्हापासून एकदाही नाही.

पण विचार करा, ज्याच्यासमोर एरर फिनिशिंग रीड लिहून आलंय त्याला मॅन पेज असतं हेच माहीत नाही, त्याचं नाव एचएम2 ईथ आहे हे तर सोडूनच द्या. माझं डॉक्युमेंटेशनबद्दलचं सगळं म्हणणं हेच आहे बघा. ज्याने ड्रायव्हर लिहिला तो ड्रायव्हरच्या नावाने लिहितो, त्याच्या डोक्यात कपाट तसंच लावलेलं असतं. अडकलेला माणूस येतो मेसेजच्या नावाने, आवाजाच्या नावाने, वाकड्या कोपऱ्याच्या नावाने. अजून शंभर पानं वाढवून यात काही फरक पडणार नाही, आहेत त्या पानांना या बाजूनेही एक दार पाहिजे.

वाकडा कोपरा म्हटलं ते उगीच नाही. एका फिक्स्चर प्लेटचे कोपरे गोल आले, पार्टी म्हणाली उंदराने खाल्लेत का. कॅम सॉफ्टवेअरने, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सुरुवातीला जी64 टाकला होता, पी (ठरलेला रस्ता किती सुटला तर चालेल तो आकडा) शिवाय. पी नसला की त्याचा अर्थ वेग शक्य तितका टिकव, रस्ता किती सुटला ते बघू नकोस. आमच्या मशीनचं ॲक्सिलरेशन कमी, टेबल जड, मग कोपरा भरपूर गोल होणारच. जी64 पी0.01 केलं, म्हणजे रस्त्यापासून मि.मी.च्या एका शतांशापेक्षा जास्त सुटायचं नाही, प्रश्न संपला. वहीत हे पान "कोपरा गोल येतो" या नावाने आहे. जी64 नावाने नाही.

नवीन कोणी लावणार असेल तर दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, पीसी विकत घ्यायच्या आधी दुकानातच लेटन्सी टेस्ट (पीसीला ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर होतो ते मोजणारी) चालवून बघा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून होते. 15-20 मायक्रोसेकंद आलं तर मस्तच, 100 च्या वर गेलं तर पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअरने पल्स काढायचं विसरा, कार्ड घ्यावं लागेल. माझ्या दुकानदाराला वाटलं मी व्हायरस टाकतोय. दोन, सर्चमधून डॉक्युमेंटेशनचं पान उघडलं की सगळ्यात आधी वर व्हर्जन बघा. 2.7 चं पान वाचून 2.9 ची फाइल लिहायला बसलात तर ॲक्सिस-जॉइंटच्या त्याच बदलामुळे फाइल चालणारच नाही. जुनी फाइल असेल तर ती बदलून देणारी स्क्रिप्ट सोबतच येते. आणि हो, इमर्जन्सीचं लाल बटण नुसतं सॉफ्टवेअरला जोडून समाधान मानू नका, त्याने ड्राइव्हची पॉवर कॉन्टॅक्टरमधून (पॉवर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) तुटली पाहिजे.

दिवाळीनंतर कधीतरी वाटलं की वहीतलं थोडं परत पाठवावं. डॉक्युमेंटेशनचा मजकूर सॉफ्टवेअरच्याच कोडसोबत ठेवलेला असतो, ॲस्कीडॉक नावाच्या साध्या लिखाणात, प्रोग्रामिंग यायची गरज नाही, वाक्य बदलायचं आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी विनंती, पाठवायची. मी जोशात एका पानाचं सगळं इंग्रजीच सुधारायला घेतलं होतं, मग कळलं की भाषांतरं वाक्याला वाक्य बांधलेली असतात, तुम्ही मूळ इंग्रजी वाक्यात उगाच स्वल्पविराम जरी हलवला तरी प्रत्येक भाषेतलं ते वाक्य परत तपासायच्या यादीत जातं. म्हणजे माझ्या हौसेपायी तिकडे कुठेतरी जर्मन भाषांतर करणारा माणूस रविवारी बसणार. ते सगळं टाकून दिलं. आता फक्त अशाच जागी हात लावतो जिथे मी स्वतः किंवा मामा अडकलो, एखादं एकक, एखादा दुवा, हा मेसेज आला तर ते पान बघा एवढं एक वाक्य. होम आणि होम ऑफसेट यातला फरक मी अजून लिहितोय, ऑफसेट म्हणजे स्विचची जागा कुठल्या आकड्यावर आहे ते आणि होम म्हणजे सगळं झाल्यावर जाऊन उभं कुठे राहायचं ते, चार वेळा लिहिलं, चारही वेळा मामा म्हणाले कळलं नाही. पाचव्यांदा टेबलावर खडूने काढून दाखवलं तेव्हा कळलं. आता खडू पुल रिक्वेस्टमध्ये कसा पाठवायचा.

मागच्या आठवड्यात रोटरी टेबल लावायला घेतलं, चौथा ॲक्सिस. आयटीआयचा एक पोरगा आहे आमच्याकडे अप्रेंटिस, त्याला म्हटलं तू कर सुरुवात, वही घे. अर्ध्या तासाने आला वही घेऊन.

"दादा, यात लिहिलंय होमिंग 5 च्या वर नको. पाच काय पण? मि.मी. का डिग्री? सेकंदाला का मिनिटाला?"

बघितलं तर माझंच अक्षर, खाली दोन रेघा मारलेल्या, आणि एकक नाही. मामा मागे बर काढत उभे होते. "आण ती वही इकडे," म्हणाले, आणि लाल पेन घेऊन पाचापुढे स्वतःच लिहिलं, मि.मी. दर सेकंदाला. रोटरीचं पान अजून कोरं आहे, तिथे डिग्री येतील.