आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: पाचपैकी चार स्टार

लेक दुसरीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत. आधी इंग्लिश मिडियमला होती, तिथं चकाचक अ‍ॅप होतं पण त्यात फी भरायची आठवण सोडून काही यायचं नाही, सहल रद्द झालीय हे आम्हाला डबा घेऊन गेटवर गेल्यावर कळलं.

इथं मुख्याध्यापक बाई शाळा सुटली की एकच मेसेज टाकतात, आज काय शिकवलं, खिचडीत मटकी होती का मूगडाळ, उद्या काय आणायचं, बस. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं त्यामुळं गुड मॉर्निंगची फुलं नाहीत, सुटलो बाबा! तेच सगळं गेटजवळच्या फळ्यावर खडूनं पण लिहिलेलं असतं, साध्या फोनवाल्यांसाठी. आणि एक व्हॉइस मेसेज, तो आमच्या सासूबाई फोन कानाला लावून दोनदा ऐकतात आणि मग मलाच सांगतात की उद्या गणवेश नको, रंगीत कपडे.

शाळा व्यवस्थापन समितीत आरटीई २००९ म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात हे पण मला तिथंच कळलं, मीटिंगमध्ये काय ठरलं त्या पानाचा फोटो येतो ना.

एक स्टार कापला कारण वरून आलेली परिपत्रकं बाई तशीच फॉरवर्ड करतात, 'उपरोक्त विषयान्वये' वगैरे. आणि स्नेहसंमेलनाचे फोटो एकदम दीडशे, माझा फोन हँग!