इन्व्हर्टरला ट्युब्युलर की लिथियम: १५० मोठे की १००?

दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून साधारण २०० वॅट. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्टची ट्युब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, म्हणजे नऊ तास. प्रत्यक्षात तसं होत नाही. १५० हा आकडा वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने रिकामी करण्याचा. आपण जवळपास वीस खेचतो. शिवाय तिचं आयुष्य जपायचं तर निम्मीच वापरावी. इन्व्हर्टर १५ टक्के खातो. हाती पावणेचार तास, तेही जेमतेम.

१०० एएच, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट: १२८० वॅट-तास, ८० टक्के बिनधास्त वापरा, इन्व्हर्टरचे १५ टक्के वजा जाता सव्वाचार तास! महाग आहे, चार्जिंगला जुळणारा इन्व्हर्टरही लागतो. रोज वीज जात असेल तर मी हीच घेईन. महिन्यातून एकदाच जात असेल तर ट्युब्युलर पुरे, फक्त पाण्याची पातळी बघत राहा.