आयडलिंगला चार्ज करणारा डायनॅमो आणि माझे 21,500 रुपये

जुन्या गाड्या पाळणाऱ्यांनो, हे वाचा आणि मगच कुणाच्या हातात पैसे ठेवा.

माझी मॉरिस मायनर आहे, मूळच्या लुकास डायनॅमोची. इंजिन आयडलिंगला आलं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं हळू फिरतंय, की बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीच्या खाली जातो, कटआउट (डायनॅमो बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो आणि हेडलाइट, वायपर, कॉइल सगळा भार बॅटरीवर पडतो. संध्याकाळी सिंहगड रोडला अडकलं की पुढचा स्टार्ट रामभरोसे. म्हणून डायनॅमोच्याच कवचात अल्टरनेटर, म्हणजे आयडलिंगलाही चार्ज करणारं जनित्र, बसवून देणाऱ्या एका मेकॅनिकला गाठलं. अशी युनिटं खरोखर मिळतात, त्यामुळे संशय घ्यायला जागाच नव्हती.

7,000 यूपीआयने आगाऊ, काम झाल्यावर 14,500 रोख. पावती नाही, "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल." परत काय मिळालं? माझाच डायनॅमो, नवे ब्रश घालून काळा रंग फासलेला.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. त्याने बॅटरीला मीटर लावला. 12.5 व्होल्ट. "बघा साहेब, आयडलिंगला फुल चार्जिंग!" अहो, 12.5 म्हणजे रात्रभर चार्जरवर ठेवलेली बॅटरी! चार्जिंग होत असेल तर काटा 14च्या आसपास हवा. हे मला पाठ आहे. हेडलाइट लावल्यावर आकडा 12.1वर उतरला, "लोडमुळे" म्हणाला, आणि मी मान डोलावली. तो क्षण आठवला की अजून रक्त उसळतं. पण मागे चार गिऱ्हाईकं उभी, माणूस तोंडभरून बोलणारा, गाडी आठवडाभर त्याच्या ताब्यात. अशा वेळी कोण भांडत बसतं?

मायनरला पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. अल्टरनेटर त्यासाठी वेगळा लागतो, उलटा जोडला तर डायोड जळतात. त्याने अर्थिंग कुठलं हे विचारलंसुद्धा नाही! तुम्हाला कुणी हे न विचारता भाव सांगितला तर तिथूनच परत फिरा.

रात्री गाडी स्वारगेटजवळ बंद पडली, टोइंगचे 2,800 वेगळे. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने युनिट उघडलं तर आत तेच आर्मेचर, तोच कम्युटेटर, सगळे डायनॅमोचेच भाग. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा आयडलिंगला लुकलुकू नये म्हणून बल्बच काढून टाकलेला. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो दिवा पेटलाच पाहिजे. गाडी थंड असताना ताब्यात घ्या, स्टार्ट स्वतः मारा.

पोलीस चौकीत दोन तास बसवलं आणि "हा दिवाणी मामला" म्हणून वाटेला लावलं. दुसरी वस्तू सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत कलम 318 मग कशाला आहे? हवालदार विचारतो, "एवढी जुनी गाडी ठेवता कशाला?" सायबर हेल्पलाइनवर उत्तर मिळालं की पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण तिथल्या खिडकीवरचा माणूस पावती आणि समोरच्याचा पक्का पत्ता मागतो. पक्का पत्ता असता तर मी खिडकीवर कशाला उभा राहिलो असतो? या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात आणि तो मेकॅनिक तिकडे पुढच्या गिऱ्हाइकाचा आगाऊ घेतो.

रोख देऊ नका. सुटे भाग आपल्यासमोर उघडून घ्या. जुना डायनॅमो परत मागा. "एक्स्चेंजमध्ये गेला" म्हणाला तर समजून जा. माझ्याकडे 7,000च्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या युनिटचे फोटो आहेत. पुण्यात आणखी कुणाला असाच रंगवलेला डायनॅमो मिळाला असेल तर पुढे या, एकत्र अर्ज देऊ.