ट्रान्सप्लांटची औषधं निम्म्या दरात देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

सोलापूर आणि आसपासच्या गावांत किडनी ट्रान्सप्लांट झालेले जे पेशंट आहेत त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा.

माझ्या दाजींचं पुण्यात ट्रान्सप्लांट झालं, किडनी ताईनेच दिली. ऑपरेशनला ताईचं सोनं मोडलं, पाहुण्यांनी दिले, काही मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून मिळाले. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की सुटलो. पण शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड ही औषधं ती किडनी आहे तोवर रोज घ्यावीच लागतात, आणि सुरुवातीला डोस जास्त असतो त्यामुळे आमचं महिन्याचं मेडिकलचं बिलच बारा-तेरा हजार, वर क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची टेस्ट, आकडा वाढला की वाईट), टॅक लेव्हल (रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ती टेस्ट) आणि पुण्याला जाणं-येणं वेगळं. दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, तिथला धुरळा आणि कापसाचे तंतू, इन्फेक्शनची भीती म्हणून डॉक्टरांनी इतक्यात कामावर जायचं नाही सांगितलेलं, हप्त्याचा पगार बंद. ताई घरी शिलाई करायची, तीपण किडनी देऊन उठलेली, तिलाही जड काम नाही. म्हणजे एकाच ऑपरेशनात घरातली दोन्ही कमावती माणसं बसली, आणि ऑपरेशनआधी हा हिशोब कोणीच सांगत नाही.

अशात पेशंट लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा मेसेज आला, मी डिस्ट्रिब्युटरकडे कामाला आहे, ट्रान्सप्लांटची सगळी औषधं 45 टक्के कमी दरात, कंपनीचा जादा स्टॉक आहे. बोलायला इतका गोड, ताईला ताई म्हणणार, दाजींचं क्रिएटिनिन किती आलं विचारणार, लेव्हल कधी केली विचारणार, घरच्या माणसासारखं. पहिल्या महिन्याचा माल एकदम ओरिजिनल आला, मेडिकलवाल्याला दाखवला तर तोही म्हणाला बरोबर आहे. यांची पद्धत हीच आहे, पहिला घास चांगला द्यायचा. मग म्हणाला रेट वाढणारेत, तीन महिन्यांचं एकदम घ्या, आणि ताईकडून 19,500 रुपये एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर घेतले. बिल मागितलं तर म्हणे बिल लावलं की जीएसटी लागतो, हा रेट पडणार नाही.

पार्सल ट्रॅव्हल्सने आलं. कॅप्सूलच्या पट्ट्या एरवी अ‍ॅल्युमिनियमच्या बंद पाकिटात यायच्या, या सुट्ट्याच, रबर लावून. खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा, पट्टीवरचा वेगळा. काही पट्ट्यांचा तर नंबर असतो तो कोपराच कापलेला. एका खोक्यावर एक्सपायरीच्या जागी बारीक स्टिकर होतं, नखाने काढलं तर खाली जुनी तारीख, मुदत संपून वर्ष होत आलेलं. पण हे सगळं आम्ही बघितलं ते नंतर, जेव्हा दाजींची टॅक लेव्हल आली तेव्हा.

ही टेस्ट सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त देऊन करतात, रात्रीच्या गोळीचं औषध रक्तात किती उरलंय ते कळतं. डॉक्टरांनी दाजींची आठच्या वर ठेवायला सांगितलेली, आली तीन पॉइंट काहीतरी, आणि क्रिएटिनिन 1.3 वरून 2.1. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, गोळ्या चुकवल्या का? दाजी मोबाईलमध्ये गजर लावून घेणारा माणूस, एक गोळी चुकवलेली नाही. मग डॉक्टर म्हणाले पट्ट्या घेऊन या. बघितल्या बघितल्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि लगेच अ‍ॅडमिट, बायोप्सी, रिजेक्शन सुरू झालेलं, म्हणजे शरीर नवीन किडनी नाकारायला लागलेलं, स्टिरॉइडची इंजेक्शनं. देवाच्या कृपेने किडनी वाचली. क्रिएटिनिन आता 1.6 वर थांबलंय, आधीच्या आकड्यावर परत काही आलं नाही. ताईच्या शरीरातली किडनी आहे हो ती, तिच्याशी असा खेळ करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं.

त्याला फोन केला तर म्हणे गोदामातून चूक झाली, पैसे परत देतो, आणि वर काय, तुम्हाला मुख्यमंत्री निधीतून औषधांचे दीड लाख काढून देतो, फाईलचे 5,000 पाठवा. इथे मात्र ताईने त्याला धरला. तिने स्वतः निधीचा अर्ज केलेला, तिला माहिती की अर्जाला एक रुपया लागत नाही आणि पैसे पेशंटच्या हातात येतच नाहीत, थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. एवढं म्हटल्यावर फोन कट, तेव्हापासून नंबर बंद.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केलीय. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम अडवता येते, आमचे पैसे तोवर पुढे गेलेले. अन्न व औषध प्रशासनाकडेही पट्ट्यांसकट अर्ज दिलाय, त्यांचा टोल फ्री 1800 222 365 आहे. पण तिथेही पहिलं बिलच विचारतात. बिल नसलं की ते औषध कुठून आलं हे शोधायला धागाच नाही.

खर्च कमी करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, स्वस्तातला ब्रँड चालतो का. चालला तरी मनाने बदलायचा नाही, बदलल्यावर लेव्हल परत करावी लागते. नेहमीच्या मेडिकलवाल्याशी सरळ बोला, दर महिन्याचं गिऱ्हाईक म्हटल्यावर आम्हाला नवी पेठेतल्या एकाने पक्क्या बिलावर 15 टक्के सोडले. महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, फॉलोअपचं काय काय योजनेत बसतं ते त्याला विचारा, फुकट सांगतो, योजनेचा नंबर 155388.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तसाच मेसेज परत आलाय, नंबर नवा, 45 टक्के तेच, जादा स्टॉक तोच. कुणाला आला असेल तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि मला द्या, तक्रारीला जोडायचाय. आणि कुणी आधीच माल घेतला असेल तर उद्याच्या उद्या टॅक लेव्हल करून घ्या.