समन्वयक व्हावं की व्यवस्थापक? सामाजिक संस्थेतल्या दोन जबाबदाऱ्यांची तुलना

सामाजिक संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘कार्यक्रम समन्वयक’ आणि ‘कार्यक्रम व्यवस्थापक’ ही दोन पदं शेजारी शेजारी दिसतात. बहुतेक जण दुसऱ्याला पहिल्याची वरची पायरी समजतात, आणि पगाराच्या तक्त्यात तसं असतंही. काम मात्र फार वेगळं आहे. समन्वयकाला या आठवड्याचा जाब द्यावा लागतो, व्यवस्थापकाला पुढच्या वर्षाचा. म्हणूनच फील्डवर उत्तम काम करणारा माणूस बढती मिळाल्यावर कोमेजतो, तर फील्डवर बेताचाच असलेला एखादा अंदाजपत्रक हातात आलं की खुलतो.

निवडीआधी एक सावधगिरी: जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका. आठ-दहा माणसांच्या संस्थेत ‘समन्वयक’च प्रस्ताव लिहितो, माणसं नेमतो आणि निधीदात्याशी बोलतो. मोठ्या संस्थेत ‘व्यवस्थापक’ म्हणवणाऱ्याला साध्या खर्चालाही वरून होकार आणावा लागतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. खर्चाला मंजुरी कोण देतं आणि किती रकमेपर्यंत? माणसं निवडताना अंतिम शब्द कोणाचा? निधीदात्याशी थेट पत्रव्यवहार कोण करतं? तीनपैकी दोन उत्तरं ‘तुम्ही’ अशी आली, तर पाटीवर काहीही असो, ते काम व्यवस्थापकाचं आहे.

समन्वयकाचा महिना

महिन्याचे कामाचे दिवस 22 धरू आणि हाताखाली पाच क्षेत्रकार्यकर्ते. प्रत्येकाच्या कामाला महिन्यातून दोनदा भेट द्यायची म्हणजे 10 भेटी; प्रवास धरून अर्धा दिवस एका भेटीला, म्हणजे 5 दिवस. आकडे तपासून मासिक अहवाल लिहायला 3, आढावा बैठक आणि पुढच्या महिन्याच्या आखणीला 2, बिलं, व्हाउचर आणि साहित्याला 2, शाळा, आरोग्य केंद्र, स्थानिक प्रशासन यांच्या गाठीभेटींना 3. झाले 15. उरलेले 7 दिवस अचानक उभ्या राहणाऱ्या कामांत जातात: रद्द झालेलं सत्र, वस्तीतला वाद, आजारी पडलेला कार्यकर्ता, ऐनवेळी येणारे पाहुणे. हा महिना दमवणारा असला तरी जमण्यासारखा आहे.

आता कार्यकर्ते 12 करा. भेटींनाच 12 दिवस लागतात, बाकीची कामं 10 दिवसांची, आणि अडचणींसाठी एकही दिवस उरत नाही. मग आधी बुडतात त्या भेटी, कारण अहवालाला तारीख असते, भेटीला नसते. दोन-तीन महिन्यांत कोणीही डोळ्यांनी न पाहिलेल्या सत्रांचे आकडे वर जाऊ लागतात. त्यात कार्यकर्त्यांचा लबाडीचा हेतू असतोच असं नाही. तपासायला कोणी येत नाही म्हटल्यावर नोंदी सैल होतात. एका समन्वयकाकडे सहा ते आठ कार्यकर्त्यांपेक्षा जास्त देणारी संस्था असेल, तर मधल्या फळीत पर्यवेक्षक आहेत का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

समन्वयकाच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक मोजणीची असते. 20 सत्रं झाली, प्रत्येकाला सरासरी 25 जण आले, आणि अहवालात लागलं ‘500 लाभार्थी’. खरं तर त्या 500 हजेऱ्या आहेत. माणसं कदाचित 60-70च असतील. ‘व्यक्ती’ आणि ‘उपस्थिती’ असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा आणि नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या. नुसत्या नावावर भागत नाही. एकच नाव तीन हजेरीपटांवर तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि एका वस्तीत एकाच नावाच्या दोघी असतात. पहिल्या महिन्यात हे काम दोन दिवसांचं आहे. दहाव्या महिन्यात जुने हजेरीपट घेऊन बसलं, तरी खरा आकडा निघत नाही.

व्यवस्थापकाचं टेबल

इथे पहिली नजर जाते वेळ आणि खर्च यांच्या जोडीकडे. बारा महिन्यांच्या प्रकल्पाचे सहा महिने सरले, म्हणजे वेळ 50 टक्के गेला, आणि खर्च मात्र 31 टक्के. ही 19 टक्क्यांची तफावत कुठून आली? पगार अंदाजपत्रकाच्या 60 टक्के असतील, तर महिन्याला 5 टक्के पगारावर जायला हवेत. नेमणुका दोन महिने उशिरा झाल्या असतील, तर 10 टक्के तिथेच सापडले. उरलेल्या 9 टक्क्यांत पुढे ढकललेलं प्रशिक्षण असतं आणि लेखा विभागात अजून न चढलेली बिलं असतात. आधी ही बिलं तपासा, कारण तिथे पैसा खर्च झालेलाच असतो, फक्त दिसत नाही.

हे गणित सहाव्या महिन्यात केलं, तर मार्ग असतो. एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात किती रक्कम हलवता येते, ते करारात लिहिलेलं असतं. त्यापलीकडे आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. खर्च करून मग मागितलेली परवानगी नाकारली गेली, तर तो बोजा संस्थेवर पडतो. अकराव्या महिन्यात जाग आली की गरज नसलेल्या कार्यशाळा उरकल्या जातात. त्या कशासाठी भरवल्या आहेत, हे वस्तीतल्या लोकांना बरोबर कळतं, आणि त्यांनी वर्षभरात टाकलेला विश्वास त्यात जातो.

दुसरा खड्डा पगारांच्या विभागणीचा. एकाच लेखापालाचे 40 टक्के एका प्रकल्पात, 40 दुसऱ्यात, 30 तिसऱ्यात दाखवले. तिन्ही प्रस्ताव वेगवेगळ्या महिन्यांत लिहिले गेल्याने बेरीज 110 झाली, हे लेखापरीक्षणापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक माणूस आणि प्रत्येक महिना यांचा एकच तक्ता ठेवायचा आणि नवा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी तो उघडायचा, एवढंच करावं लागतं.

शिवाय अहवाल. चार निधीदाते, प्रत्येकाला दर तिमाहीला एक कामाचा आणि एक हिशेबाचा अहवाल: वर्षाला 32, आणि चौघांचे नमुने निराळे. चौघांच्या तारखा एकाच आठवड्यात येऊ नयेत, ही बोलणी करारावर सही करण्याआधीच करायची असतात.

आकडा एकाचा, वचन दुसऱ्याचं

दोन्ही पदांची गाठ पडते ती लॉगफ्रेमवर. परदेशांत विकासमदत देणाऱ्या अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ या संस्थेसाठी 1969 च्या सुमारास तयार झालेला हा चौकटींचा तक्ता आजही बहुतेक मोठे निधीदाते कुठल्या ना कुठल्या रूपात मागतात: उद्दिष्ट, परिणाम, कृती, आणि प्रत्येकासमोर मोजमाप व पुरावा. व्यवस्थापक त्यात वचन लिहितो, आणि ते मोजण्याचं काम समन्वयकाकडे येतं. ‘सहभागी महिलांचा आत्मविश्वास 30 टक्क्यांनी वाढेल’ असं प्रस्तावात लिहून गेलेल्या व्यवस्थापकाने सुरुवातीची पाहणी केलेली नसेल, तर वर्षाअखेरीस समन्वयकाकडे मोजायला काहीच नसतं. मोजमाप ठरवताना समन्वयकाला खोलीत बसवणाऱ्या संस्था कमी आहेत. तुम्ही अशा संस्थेत जात असाल, तर बाकीच्या दोन-तीन उणिवा चालवून घ्या.

बाहेरच्या मूल्यमापनाला तोंड द्यायचं ते व्यवस्थापकाने. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मूल्यमापनासाठी 1991 मध्ये मांडलेल्या पाच निकषांना 2019 मध्ये सुसंगतता हा सहावा जोडला गेला. प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा हे आधीचे. समन्वयकाला हे पाठ नसलं तरी अडत नाही, व्यवस्थापकाचं अडतं.

मनावरचा भार

याबद्दल जाहिरातीत एक ओळही नसते, आणि नोकरी सोडणाऱ्यांच्या मनात मात्र हेच असतं. निधी संपणार हे व्यवस्थापकाला बरंच आधी कळतं. ‘पुढच्या महिन्यापासून केंद्र बंद’ हे वस्तीत जाऊन सांगतो समन्वयक, तेही ज्यांच्या मुलांची नावं त्याला तोंडपाठ असतात त्यांना. व्यवस्थापकाचं ओझं एकटेपणाचं असतं: कोणाची नोकरी राहणार नाही, हे मनात ठेवून त्याच सहकाऱ्यांबरोबर रोज बैठकीला बसायचं. बंद होण्याची शक्यता समन्वयकाला सहा महिने आधी सांगावी, शेवटच्या तीन महिन्यांत नवी नोंदणी घेऊ नये आणि कोणाला कुठे पुढे पाठवायचं याची यादी आधी तयार करावी. एवढं करणाऱ्या संस्थेतही वेदना होते, पण फसवणूक होत नाही.

गैरवर्तनाची किंवा लहान मुलाच्या सुरक्षिततेची तक्रार आली, तरी कामाची विभागणी अशीच असते. समन्वयकाने ऐकलेल्या शब्दांत नोंदवायची, स्वतः चौकशी करायची नाही, आणि त्याच दिवशी ठरलेल्या व्यक्तीकडे पोचवायची. निर्णय घेऊन त्याचे परिणाम झेलायचे ते व्यवस्थापकाने.

कोणी काय घ्यावं

समाजकार्याची पदवी दोन्हीकडे उपयोगी पडते, अनिवार्य क्वचितच असते. समन्वयकाला लोकांची भाषा आणि नोंदींची शिस्त हवी. व्यवस्थापकाला हिशेबपत्रक वाचता यायलाच हवं. लेखापालावर सोपवून चालत नाही. ‘पीएमफॉरएनजीओज’ या संस्थेचं प्रोजेक्ट डीप्रो (पूर्वीचं पीएमडी प्रो) हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र परिभाषा शिकायला चांगलं आहे, अनुभवाची जागा घेत नाही. कंपनीतून थेट व्यवस्थापकपदी येणारे आकड्यांत सरस असतात आणि अडखळतात ते लोकांच्या वेळापत्रकापाशी: कापणीच्या महिन्यात लावलेलं प्रशिक्षण रिकामं जातं. त्यांनी पहिले दोन महिने महिन्याला किमान चार दिवस फील्डवर काढावेत.

दोन-तीन वर्षं समन्वयक राहिलेल्याला बढती देऊ केली जाते. ती स्वीकारण्याआधी एका प्रकल्पाचा मासिक खर्चाचा ताळेबंद सलग तीन महिने स्वतः मांडून पाहा. त्या कामात दुपार कशी सरली ते कळलं नाही, तर होकार द्या. सारखं लक्ष वस्तीतल्या सत्राकडे जात असेल, तर ‘वरिष्ठ समन्वयक’ असं पद आणि त्याला साजेशी पगारवाढ मागा. ही मागणी रास्त आहे आणि समजदार संस्था ती मान्य करतात. बढती घेतलीच, तर जुन्या जागी नवा माणूस येण्याची तारीख लेखी घ्या. ती नसेल, तर सहा महिने दोन्ही कामं तुमच्याच अंगावर राहतील, आणि वाट लागेल ती फील्डवरच्या भेटींची.