मागचं चाक ‘नवीन बांधून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

पुण्यातल्या एका दुकानात गिअरच्या सायकलचं मागचं चाक दिलं होतं. फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या दातेरी चक्रांच्या, म्हणजे उजव्या) बाजूचे स्पोक एकामागोमाग तुटत होते. बिलावर लिहून आलं: ३६ स्टेनलेस स्पोक नवीन, हब (चाकाचा मधला भाग) सर्व्हिस, आऊट (चाकाचं डगमगणं) काढला. प्रत्यक्षात डावीकडचेच १८ स्पोक बदलले होते. उजवीकडचे जुनेच, फक्त घासूनपुसून चकचकीत केलेले.

ही लबाडी दुकानातल्या दुकानात पकडता येते. फ्रीव्हील उतरवल्याशिवाय उजवीकडचे स्पोक हबच्या भोकांत घालता येत नाहीत. इथे फ्रीव्हील उतरवायचं हत्यार, म्हणजे रिमूव्हर, बसतो त्या खाचांतसुद्धा जुनं काळं ग्रीस आणि माती घट्ट बसलेली होती, म्हणजे ते उतरवलंच नव्हतं. पायडल मारून मारून फ्रीव्हील आवळत जातं, ते सोडवायला जोर लागतो. म्हणून ते टाळलं जातं. पण मागच्या चाकात खरा ताण उजवीकडेच असतो. तिथले स्पोक जास्त उभे बसतात, डावीकडच्यांपेक्षा बरेच जास्त ताणलेले असतात आणि हबजवळच्या वळणावर तुटतात. थकलेला स्पोक कितीही आवळा, तो पुन्हा तुटणारच. कात्रजचा घाट उतरताना तो तुटला तर चाक डगमगून ब्रेकला घासतं, हे नीट लक्षात घ्या.

‘स्टेनलेस’ म्हणून घातलेले डावे स्पोकही झिंकचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचे निघाले. लोहचुंबक चटकन चिकटला. चांगल्या स्टेनलेसला तो चिकटलाच तर अगदी हलका चिकटतो. उजवे स्पोक साधारण १-२ मिमी आखूड लागतात, तेव्हा दोन्ही बाजूंना एकच माप घालणाऱ्याला तिथेच थांबवा.

हब उघडला तर वर ताजं ग्रीस, खाली जुना चिखल. पाव इंची छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) दोन्हीकडे ९-९ हवेत. एका बाजूला ८ होते. कोनवर (एक्सलवरच्या, छर्रे ज्यावर फिरतात त्या भागावर) खड्डे पडलेले, तेही बदलले नव्हते. अशा कोनवर नवे छर्रेही लवकर खराब होतात.

चाक देताना फ्रीव्हीलचा जवळून फोटो काढा. जुने स्पोक, छर्रे, कोन परत मागा आणि मोजून घ्या. चाक हातात आलं की एक्सल बोटांनी फिरवून बघा. खरखर लागता कामा नये. मग चाक एकदा सरळ आणि एकदा डावी-उजवी बाजू उलटी करून फ्रेममध्ये बसवा. रिम दोन्ही वेळा मधोमध आली नाही, तर पैसे द्यायच्या आधी पुन्हा बांधायला लावा.