हेवी डिपॉझिटवर घर घेताय? आधी मालकाचा अंगठा बघा

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना 'हेवी डिपॉझिट' समजावून सांगायला नको. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. गावची जमीन विकून किंवा पीएफमधून चार पैसे हाताशी आले की हा हिशोब फार गोड वाटतो. आम्ही मीरा रोडला असाच वन बीएचके घेतला, ८ लाखांवर. वर्ष सरायच्या आत एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. "तुम्ही कोण? माझं भाडं का थांबलंय?" खरे मालक ते होते.

एजंटने फ्लॅट त्यांच्याकडून महिन्याच्या भाड्यावर स्वतःच्या नावाने घेतला होता आणि तोच आम्हाला हेवी डिपॉझिटवर दिला होता. आमच्याच पैशातून तो त्यांचं भाडं भरत होता, त्यामुळे त्यांची तक्रार नाही, आमचीही नाही. गिऱ्हाईकं येत राहिली तोवर गाडा चालला. मग ऑफिसला कुलूप, फोन बंद. त्याच कॉम्प्लेक्समध्ये आमच्यासारखी आणखी कुटुंबं निघाली.

कागद होता, नाही असं नाही. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार. "मालक दुबईला असतात, पॉवर माझ्याकडे आहे," म्हणून त्याने पॉवर ऑफ अॅटर्नीची, म्हणजे मालकाच्या वतीने सही करायच्या अधिकारपत्राची, एक झेरॉक्स दाखवली होती. करार रजिस्टर का नको, तर म्हणे एवढ्या डिपॉझिटवर स्टॅम्प ड्युटी फार बसते. नंतर वकिलांनी समोर बसवून आकडा काढला. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरायचे आणि त्यावर पाव टक्का. ८ लाखांचे ११ महिन्यांसाठी दोनशे रुपयेसुद्धा होत नाहीत! वर शहरी भागात नोंदणी फी १,०००. त्याला वाचवायची होती ती ड्युटी नव्हेच. ऑनलाइन नोंदणीत मालकाला स्वतः आधारवर अंगठा द्यावा लागतो, तिथेच त्याचं बिंग फुटलं असतं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मालक परदेशात असेल तर नोंदवलेली, मूळ पॉवर ऑफ अॅटर्नी मागा. सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावाने निघतं ते विचारा, इंडेक्स टू, म्हणजे घर कोणाच्या नावावर नोंदलंय ते दाखवणारा उतारा, बघा. आणि पैसे मालकाच्याच खात्यात टाका.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकू येतं, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." बरेच जण तिथूनच परत फिरतात. पण दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आम्ही सगळ्या कुटुंबांनी मिळून लेखी अर्ज दिला, बँकेची स्टेटमेंट जोडली, पोच घेतली. एकेकट्याला हाकलणारे साहेब तेव्हा जरा नीट बोलले. तरीही गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना पोस्टाने लेखी कळवायचं आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. या टप्प्याला वकील हवाच.

खरं तर त्याच्याही आधी हवा. फोन बंद होण्यापूर्वी एजंटने काही जणांना डिपॉझिट परत करायचे चेक दिले होते. ते परत आल्यावर "थोडं थांबा, शेठचं पेमेंट अडकलंय" अशी विनवणी सुरू. माणुसकी म्हणून लोक थांबले, आणि तेच त्याला हवं होतं. चेक परत आल्याचं बँकेचं पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि तेही उलटले की महिन्याभरात कोर्टात तक्रार. नोटिशीची मुदत हुकली तर कलम १३८ चा, म्हणजे चेक बाउन्सच्या केसचा, रस्ता अवघड होतो. शेजारच्या एका काकांचं असंच झालं.

वकिलाच्या फीला घाबरून कोणी बसू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. आमचा करार बायकोच्या नावावर होता, त्यामुळे तिचा अर्ज लगेच घेतला. केस चालू आहे, पैसे अजून आलेले नाहीत.